ज्यूस शुद्ध असला तरी

भोर तालुक्यातल्या भोंगवलीसारख्या गावात आजाऱ्याला भेटायला जाताना पूर्वी पिशवीत मोसंबी, केळी, फार तर एखादे शहाळे असे. आता फळांच्या चित्रांचा एक लिटरचा खोका असतो. पुणे-सातारा महामार्गावरच्या कोणत्याही दुकानात तो मिळतो, आत गावातल्या किराणा दुकानातही मिळतो. तो डागाळत नाही, गाडीवर चेंबत नाही, आणि नेणाऱ्याचा मान राखतो. या खोक्याविषयी शिकल्यासवरल्या लोकांत एक ठरलेले मत आहे. डबाबंद ज्यूसमध्ये साखर आणि केमिकल असतात म्हणून तो वाईट. घ्यायचाच तर साखर न घातलेला घ्यावा, नाहीतर घरी मिक्सरवर काढावा. हे मत ऐकायला शहाणपणाचे आहे आणि मला ते उथळ वाटते.

माझे म्हणणे असे. ज्यूस अगदी निर्भेळ असला, त्यात साखरेचा कणही घातलेला नसला, तरी तो फळाच्या जागी बसत नाही. फळाचे पोषण त्यात कोणकोणते पदार्थ आहेत यावर जेवढे अवलंबून असते, तेवढेच ते पदार्थ कसे रचलेले आहेत यावरही असते, आणि रस काढताना नेमकी ती रचनाच मोडते. हे एकदा मान्य केले की पुढच्या दोन गोष्टी मान्य कराव्या लागतात. खोक्यामागचा पोषणाचा तक्ता खरा असूनही फसवतो. आणि आपले कायदे व कर चांगल्या-वाइटाची रेघ भलत्याच जागी ओढतात.

१. चुकीचे आरोप आधी मागे घेऊ

टेट्रापॅकमधला ज्यूस महिनोन्‌महिने टिकतो म्हणजे त्यात काहीतरी घातलेले असणार, असे सगळीकडे मानतात. तसे नसते. रस ९० ते ९५ अंश सेल्सिअसच्या आसपास काही सेकंद तापवतात, लगेच गार करतात आणि निर्जंतुक केलेल्या, कागद-प्लास्टिक-ॲल्युमिनियमच्या थरांच्या खोक्यात हवाबंद करतात. फळांच्या रसाचा आंबटपणा बहुतेक घातक जिवाणूंना वाढू देत नाही. उरलेल्यांचे काम उष्णता करते. परिरक्षक घालण्याची गरजच पडत नाही. उलट पाहुण्यांसाठी घरोघर ठेवलेल्या स्क्वॅश-सिरपच्या बाटलीत सोडियम बेन्झोएट किंवा सल्फाइट सर्रास असते, कारण ती बाटली उघडल्यावर पुढे महिनाभर वापरायची असते. ठरलेल्या प्रमाणात असेल तर त्यालाही घाबरण्याचे कारण नाही.

दुसरा आरोप, की डबाबंद रसात काही सत्त्वच उरत नाही. तोही तसाच्या तसा टिकत नाही. पोटॅशियम उष्णतेने कुठे जात नाही. क जीवनसत्त्व थोडे तापवताना, थोडे साठवणुकीत घटते, पण संत्र्याच्या चांगल्या रसात ते बऱ्यापैकी उरते. संत्र्यातली काही पिवळी-नारिंगी रंगद्रव्ये तर अख्ख्या फळापेक्षा रसातून अधिक सहज शोषली जातात, असेही दिसून आले आहे. तेव्हा जे वाद घालतात की ज्यूसमध्ये काहीच नसते, ते उद्योगाला जिंकायला सोपी लढाई देतात. प्रयोगशाळेचा अहवाल टेबलावर ठेवला की त्यांचे तोंड बंद होते.

२. एकाच फळीवर तीन वेगळ्या वस्तू

दुकानदार ज्याला ज्यूस म्हणतो त्यात कायद्याच्या दृष्टीने निदान तीन वस्तू असतात. पहिली म्हणजे फळाचा रस. दुसरी, फळपेय: यात कायद्याने किमान १० टक्के रस पुरतो, आणि लिंबाच्या पेयात तर ५ टक्केच. तिसरी, पाणी घालून प्यायची: स्क्वॅश, क्रश, सिरप. या तिन्हींत किमान २५ टक्के रस, पण विरघळलेले घन पदार्थ, म्हणजे मुख्यतः साखर, अनुक्रमे किमान ४०, ५५ आणि ६५ टक्के. पाचगणी-महाबळेश्वरहून येताना ज्या रंगीत बाटल्या आपण हौसेने आणतो त्या या तिसऱ्या घरातल्या.

शाळेच्या वाटेवर मिळणारे आंब्याचे पाकीट दुसऱ्या घरातले. भारतात हा बाजार १९८५ मध्ये पार्ले ॲग्रोच्या फ्रूटीने उघडला, आणि खेड्यात आजही कोणत्याही कंपनीचे पाकीट त्याच नावाने मागतात. अशा पेयात आंब्याचा गर बहुधा १० ते २० टक्क्यांच्या दरम्यान, तोही बहुतेक वेळा दक्षिणेतल्या तोतापुरीचा. बाकी पाणी, साखर, आम्ल, वास आणि रंग. साखर १०० मिलीला साधारण १२ ते १५ ग्रॅम. १३ धरली तरी २०० मिलीच्या पाकिटात २६ ग्रॅम होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी मे २०२४ मध्ये आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत मोठ्या माणसाला दिवसभरात वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगितले आहे. मुलाचा दिवसाचा वाटा शाळेची घंटा होण्याआधीच संपतो.

फळपेयाविषयी एवढे पुरे. त्याची बाजू घेणारा कुणी जाणता माणूस मला भेटलेला नाही. प्रश्न पहिल्या वस्तूचा आहे, जिला शहाणे लोक चांगली म्हणतात.

३. फळ मोडल्यावर काय होते

मोसंबीच्या एका फोडीत रसाच्या शेकडो पिशव्या असतात, प्रत्येक पिशवीत असंख्य पेशी, आणि प्रत्येक पेशीभोवती तंतूंची भिंत. साखर त्या भिंतींच्या आत असते. आपण चावतो तेव्हा काही भिंती फुटतात, बऱ्याचशा तशाच पोटात जातात आणि हळूहळू रिकाम्या होतात. चोथा म्हणजे त्या फुटलेल्या भिंती. रस काढताना आपण भिंती टाकून देतो आणि आत कोंडलेली साखर मोकळी करतो. साखरेचा रेणू तोच राहतो. शरीरापर्यंत पोचण्याची तिची चाल बदलते.

याचा साधा, सुंदर प्रयोग १९७७ मध्ये ब्रिस्टलच्या हेबर, हीटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला आणि ‘लॅन्सेट’मध्ये छापला. दहा निरोगी माणसांना तेवढ्याच कर्बोदकांची सफरचंदे तीन रूपांत दिली: अख्खी, गर करून, आणि चोथा काढलेला रस म्हणून. अख्खी सफरचंदे संपवायला सरासरी सतरा मिनिटे लागली, गर सहा मिनिटांत संपला, रस दीड मिनिटात. अख्ख्या फळाने पोट सर्वाधिक भरल्यासारखे वाटले, रसाने सर्वांत कमी. रसानंतर रक्तात इन्सुलिन जास्त उसळले, आणि मागोमाग रक्तातली साखर मूळ पातळीच्याही खाली घसरली. अख्ख्या फळानंतर तसे झाले नाही. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की गरात तंतू सगळे होते, फक्त मोडलेले होते, तरी त्याची वागणूक अख्ख्या फळासारखी राहिली नाही. म्हणजे चोथा परत ढवळून मिसळल्याने हिशेब पुरा होत नाही.

हे प्रयोगशाळेतल्या एका दुपारचे झाले. वर्षानुवर्षांचे काय? हार्वर्डच्या संशोधकांनी २०१३ मध्ये ‘बीएमजे’त अमेरिकेतल्या १ लाख ८७ हजारांवर लोकांच्या दीर्घ नोंदी मांडल्या. अख्खी फळे, विशेषतः ब्लूबेरी, द्राक्षे आणि सफरचंद, जास्त खाणाऱ्यांत टाइप २ मधुमेह कमी आढळला. ज्यूस जास्त पिणाऱ्यांत तो जास्त आढळला. अशा अभ्यासातून कार्यकारण सिद्ध होत नाही हे खरेच, आणि शुद्ध रसाच्या थोड्या आठवड्यांच्या काही चाचण्यांत उपाशीपोटीच्या साखरेवर ठळक परिणाम दिसलेला नाही, हेही सांगायला हवे. पण फळांची ही दोन रूपे विरुद्ध दिशांना झुकलेली दिसावीत, एवढी गोष्ट मला पुरेशी बोलकी वाटते. फळ वाईट असते तर दोन्ही रूपांत वाईट दिसले असते.

इथे प्रमाणाचा मुद्दाही आपोआप येतो. पेलाभर रसाला तीन-चार मोसंबी लागतात. तीन-चार मोसंबी सोलून एका बैठकीत कुणी खात नाही. हात थकतात, तोंड कंटाळते, पोट पुरे म्हणते. हा कंटाळा म्हणजे फळानेच घातलेली मर्यादा होती. संत्र्याच्या निव्वळ रसात १०० मिलीला ८ ते १० ग्रॅम साखर असते, द्राक्षाच्या रसात १४ ते १६ ग्रॅम. कोलात साडेदहाच्या आसपास. द्राक्षाच्या निर्भेळ रसाची बाटली कोलाच्या बाटलीशेजारी ठेवून साखरच मोजायची म्हटली तर कोला जिंकतो, आणि द्राक्षाच्या रसात तर वरून काही घातलेलेही नसते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हणूनच फळाच्या रसातली नैसर्गिक साखर ‘मोकळ्या साखरे’त मोजली: चमच्याने घातलेली साखर, मध, सिरप आणि फळांचा रस एका रांगेत, अख्ख्या फळातली साखर त्या रांगेबाहेर. रेणू एकच, वर्ग दोन. सुशिक्षित मत ज्या ठिकाणी अडखळते ते हेच ठिकाण आहे. त्याला साखर नैसर्गिक की घातलेली एवढेच दिसते. ती बांधलेली की मोकळी, हे दिसत नाही.

४. शंभर टक्क्यांचा वाद

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये आदेश काढला की घट्ट रसात पाणी मिसळून पुन्हा तयार केलेल्या ज्यूसवर ‘१०० टक्के फळांचा रस’ असा दावा चालणार नाही. जुनी वेष्टणे संपवायला आधी सप्टेंबरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत मुदत दिली. अशा रसात किलोमागे १५ ग्रॅमपेक्षा जास्त साखर घातली तर ‘गोड केलेला रस’ असे लिहावे, याचीही आठवण करून दिली. डाबर कंपनीने आदेशाला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले, आणि प्राधिकरणाने २०२५ मध्ये तिथे आपली बाजू सोडली नाही.

वादाचा विषय समजून घेण्यासारखा आहे. संत्र्याचा रस निर्वात भांड्यात आटवून त्याचे आकारमान सहाव्या हिश्शाच्या आसपास आणतात. उडून जाणारा वास वेगळा धरून ठेवतात. हा घट्ट रस पिंपांतून देशोदेशी फिरतो, आणि जिथे विकायचा तिथे पाणी व वास परत मिसळून मूळच्या घनतेला आणतात. कंपन्यांचे म्हणणे, जेवढे काढले तेवढेच घातले, मग शंभर टक्के का नाही? प्राधिकरणाचे म्हणणे, मुख्य घटक पाणी असताना शंभर टक्के कसे?

आदेश योग्य आहे असे मी मानतो. त्याच्यामागचा विचार मात्र तोकडा आहे. पाणी काढून परत घातल्याने रसाचे जे बिघडते ते फार थोडे. खरा बिघाड त्याच्या कितीतरी आधी, फळ यंत्रात पडते त्या क्षणी होऊन गेलेला असतो. पाण्यावर भांडल्याने ग्राहकाची समजूत अशी होते की न आटवलेला, थेट काढलेला रस हा खरा आणि आरोग्यदायी. उद्या तोच जास्त किमतीला विकला जाईल आणि नियमही त्याच्या बाजूने असेल.

५. तक्ता काय विचारत नाही

खोक्यामागचा तक्ता २०२० च्या वेष्टण नियमांनुसार छापतात. त्यात ऊर्जा, प्रथिने, कर्बोदके, एकूण साखर, घातलेली साखर, मेद, सोडियम हे रकाने असतात. तंतूंचा रकाना सक्तीचा नाही. ज्या एका गोष्टीने फळ आणि रस वेगळे ठरतात तीच विचारलेली नाही.

याहून मोठी फट पुढे आहे. एका वेळच्या पेयातून दिवसाच्या गरजेचा किती टक्के वाटा मिळतो हे तक्त्यात द्यावे लागते, आणि घातलेल्या साखरेसाठी आधार धरला आहे रोजचे ५० ग्रॅम. देशाची सर्वोच्च पोषण संस्था २५ सांगते, वेष्टण ५० धरते. म्हणजे २६ ग्रॅम साखरेचे पाकीट एका हिशेबाने मर्यादा ओलांडते आणि दुसऱ्या हिशेबाने ५२ टक्क्यांवर निवांत बसते. निव्वळ रसाची गंमत आणखी वेगळी. त्यातली साखर ‘घातलेली’ नसल्यामुळे त्या रकान्यात शून्य, आणि एकूण साखरेला टक्केवारीच नाही. जागतिक आरोग्य संघटना ज्या साखरेला मोकळी म्हणून मोजते तिचा आपल्या तक्त्यात रकानाच नाही. शून्य खरे आहे, कायदेशीर आहे, आणि वाचणाऱ्या आईला ते जे सांगते ते चूक आहे.

खोक्याच्या दर्शनी भागावर मग उरते काय? ‘साखर घातलेली नाही’ आणि ‘क जीवनसत्त्वयुक्त’. घटकांच्या यादीत ३०० क्रमांकाचा ऑक्सिडीकरणरोधक दिसला तर ते ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे क जीवनसत्त्वच, रंग टिकावा म्हणून घातलेले. त्यात खोटे काही नाही. फक्त भोर तालुक्यातल्या माणसाला ते जीवनसत्त्व विकत घ्यायची गरज होती का, एवढे पाहावे. पांढऱ्या गराच्या पेरूत १०० ग्रॅमला सुमारे २०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि ८ ग्रॅमच्या वर तंतू असतात. पुरुषाची रोजची गरज ८० मिलिग्रॅम, बाईची ६५. अर्धा पेरू खाल्ला की काम झाले, उरलेला अर्धा पोराला द्यावा.

६. बुडबुड्यांवर ओढलेली रेघ

कराचेही तेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून फळांचा रस आणि फळांच्या रसावर आधारित पेये यांवरचा वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. त्याच वेळी फळपेयात कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडले तर कर ४० टक्के. म्हणजे १० टक्के आंबा आणि ९० टक्के गोड पाणी ५ टक्क्यांत. तेच पाणी फसफसले की चाळिसांत. निव्वळ संत्र्याचा रस आणि रंगीत आंबापेय एकाच पायरीवर. साखर कुठेच मोजलेली नाही. मोजला आहे वायू, जो सगळ्यांत निरुपद्रवी. सरकारने जिभेला होणाऱ्या गुदगुल्यांवर कर बसवला, असे म्हणावेसे वाटते.

ताज्या फळांवर कर नाही, हे खरे. पण दुकानदाराला पेरू दोन दिवसांत विकावा लागतो आणि पाकीट सहा महिन्यांत. गावातल्या दुकानात पेरूच्या टोपलीला जागा न मिळता पाकिटांच्या माळेला का मिळते, याचे उत्तर या एका वाक्यात आहे, आणि ते दुकानदाराच्या नैतिकतेत शोधू नये.

७. ‘आमच्याकडे कष्टाची माणसे आहेत’

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत वजनदार असा की साखरेची ही सगळी काळजी शहरातल्या सुखवस्तू लोकांची. भोंगवलीच्या शिवारात खपणाऱ्या माणसाला, दोन किलोमीटर चालत शाळेत जाणाऱ्या पोराला, उलट चार उष्मांक जास्त मिळाले तर बरेच.

या आक्षेपाला उत्तर शोधायला हार्वर्डला जावे लागत नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. कष्टकरी, सडपातळ बाया. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या बाळांच्या तुलनेत बरीच हलकी. वजन कमी होते ते प्रामुख्याने स्नायूंचे. त्वचेखालची चरबी त्या मानाने जवळपास राखलेली होती. बारीक दिसणाऱ्या शरीरात चरबीचा वाटा मोठा, ही जन्मापासूनची घडण पुढे मधुमेहाकडे झुकते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत देशात १० कोटींवर मधुमेही आणि आणखी १३ कोटींवर लोक उंबरठ्यावर निघाले. मोकळी साखर आपल्या गावातल्या काटकुळ्या पोराला पचून जाते, हा समज या घडणीला विचारून पाहिला पाहिजे.

शिवाय त्या पोराला कमी काय पडते? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६८.९ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. त्यांना लोह हवे, प्रथिने हवीत, ब१२ हवे. २०० मिलीच्या पाकिटातून शंभरेक उष्मांक मिळतात आणि त्यांच्याबरोबर यांपैकी जवळपास काहीच येत नाही. वर भूक मरते आणि भाकरी मागे राहते. तेवढेच उष्मांक ओंजळीभरही नसलेल्या शेंगदाण्यांत आहेत, चार-पाच ग्रॅम प्रथिनांसकट. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१९ मध्ये सांगून ठेवले आहे की दोन वर्षांखालच्या मुलाला ज्यूस देऊच नये आणि पाच वर्षांपर्यंत दिलाच तर दिवसाला १२५ मिलीच्या आत. हे शुद्ध रसालाही लागू आहे.

८. आजाऱ्याच्या उशाशी

दुसरा आक्षेप आजारपणाचा: आजाऱ्याला चावत नाही, जेवण जात नाही, निदान रस तरी पोटात जातो. शस्त्रक्रियेनंतरच्या किंवा दात नसलेल्या म्हाताऱ्या माणसासाठी हे मी मान्य करतो. मधुमेह नसेल तर घोट घोट रस हा त्याच्यासाठी आहार आहे.

जुलाब झालेल्या मुलाचे तसे नाही, आणि पावसाळ्यात खेड्यात सर्वांत जास्त गफलत तिथे होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार ओआरएसच्या एक लिटर द्रावणात ग्लुकोज १३.५ ग्रॅम आणि मीठ २.६ ग्रॅम असते. हे प्रमाण असे जुळवलेले आहे की आतड्यात ग्लुकोजच्या जोडीने सोडियम आत घेतले जाते आणि त्यांच्यामागोमाग पाणी. ज्यूसमध्ये लिटरला साखर १०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सात-आठपट, आणि सोडियम नाममात्र. इतके दाट गोड पाणी आतड्यात गेले की ते शरीरातले पाणी उलट आतड्यात ओढते, जुलाब वाढतात. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी पिंपांतून पाजलेल्या मीठ-ग्लुकोजच्या पाण्याने पटकीचे हजारो रुग्ण वाचवले, ते याच तत्त्वाच्या जोरावर.

तरीही कित्येक वर्षे आपल्या औषधांच्या दुकानांत नावामध्ये ‘ओआरएस’ मिरवणारी गोड फळपेये राजरोस विकली गेली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष आठ वर्षे याविरुद्ध झगडल्या, तेव्हा ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने आधी दिलेली परवानगी काढून घेतली. भोंगवलीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे खऱ्या ओआरएसची पुडी फुकट मिळते. फुकट मिळते म्हणूनच तिला खोक्याइतका मान नाही, हे दुखणे पोषणशास्त्राच्या आवाक्याबाहेरचे आहे.

९. घरचा रस, आमरस, उसाचा रस

घरी काढलेला ताजा रस बरा, हा तिसरा आक्षेप. वर मांडलेला सगळा तर्क मान्य असेल तर मिक्सर कुठे ठेवला आहे याने फरक पडत नाही. घरचा रस साखर न घालता, न गाळता प्यायला तर चोथा थोडा राहतो, एवढाच फायदा. महामार्गावरच्या रसवंतीचेही तेच: २०२४ च्या त्याच मार्गदर्शक तत्त्वांत उसाच्या रसात १०० मिलीला १३ ते १५ ग्रॅम साखर सांगितली आहे आणि तो कमीत कमी पिण्याचा सल्ला दिला आहे. ज्या तालुक्यात निगड्याला राजगड सहकारी साखर कारखाना आहे तिथे हे लिहिणे लोकांना रुचणार नाही, याची कल्पना आहे.

आमरसाची गोष्ट निराळी, आणि इथे परंपरेची बाजू घ्यायला मला आवडेल. तो गर आहे, गाळलेला रस नव्हे. तो पोळीबरोबर, जेवणात, वाटीने खातात. आणि वर्षातून दीड-दोन महिनेच. साखर घालू नये, एवढीच विनंती. बारा महिने, जेवणाआधी-नंतर, नळीने ओढलेल्या आंब्याशी त्याची तुलना होऊ शकत नाही.

१०. शेतकऱ्याचे काय

चौथा आक्षेप मला सर्वांत जवळचा आहे. ज्यूस उद्योग मोडला तर फळबागायतदार मरेल. २०१४ मध्ये पंतप्रधानांनी तुमकूरच्या फूड पार्कमध्ये शीतपेय कंपन्यांना पेयात ५ टक्के फळांचा रस मिसळण्याचे आवाहन केले होते, ते याच भूमिकेतून. हेतू चांगला आहे. पण आकडे पाहा: दहा टक्क्यांच्या नियमाने लिटरभर पेयाला १०० मिली रस लागतो. एवढ्याला आंब्याच्या खपाची हमी म्हणायचे असेल तर ती साखरेच्या खपाची हमी त्याहून मोठी आहे. कारण तेवढ्याच लिटरात साखर शंभर ग्रॅमच्या वर जाते. किमान मर्यादा १० वरून २५-३० टक्क्यांवर नेली तर बागायतदाराचा माल अडीच-तीनपट उचलला जाईल. शेतकऱ्याच्या नावाने बोलणारा उद्योग ही मागणी स्वतःहून कधी करत नाही.

भोंगवलीच्या पूर्वेला लागूनच पुरंदर तालुका आहे. तिथल्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अंजीर इतके नाजूक की झाडावरून उतरवल्यावर दोन दिवस काढणे कठीण; म्हणून तिथल्या शेतकरी उत्पादक कंपनीने त्याचे पेय तयार केले, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ते ‘अपेडा’ या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या मदतीने पोलंडला गेले. नासणाऱ्या फळाला परदेशात भाव मिळाला याचा मला आनंदच आहे. मी फक्त असे म्हणेन की प्रक्रियेचे मोल रचना किती टिकली यावर लावावे. वाळवलेले अंजीर, गोठवलेल्या फोडी, सीताफळाचा गर, बिया काढलेली सुकी करवंदे या सगळ्या प्रक्रियाच आहेत आणि यांत फळ बऱ्याच अंशी फळ राहते. संशोधन आणि अनुदान तिकडे का वळू नये? आज शीतगृहाची साखळी महाग आणि टेट्रापॅकची साखळी स्वस्त, म्हणून फळाचा रस होतो. पोषणाचा विचार करून तसे कुणी ठरवलेले नाही.

११. तक्ता सुधारून भागेल का

सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये वेष्टणाच्या दर्शनी भागावर इशारा छापण्याच्या प्रश्नावर प्राधिकरणाला गती द्यायला सांगितले. त्या नियमांत मोकळ्या साखरेचा रकाना यावा, तिचा आधार २५ ग्रॅमच धरावा आणि तंतू सक्तीचे व्हावेत, असे माझे मागणे आहे. ‘घातलेली साखर शून्य’ हे वाक्य रसाच्या खोक्यावर छापू देऊ नये.

पण या मागणीची मर्यादाही मला दिसते. तंतूंचा रकाना सक्तीचा झाला की चिकोरीच्या मुळातून काढलेला विरघळणारा तंतू रसात मिसळला जाईल. ते स्वस्त आहे, कायदेशीर आहे, चवीला कळत नाही. मग रकान्यात ३ ग्रॅम दिसतील, दर्शनी भागावर ‘तंतुयुक्त’ झळकेल, आणि ते तंतू कोणत्याही पेशीची भिंत नसतील. साखर त्यांच्याशेजारी तशीच मोकळी तरंगत असेल. ब्रिस्टलच्या प्रयोगातल्या गरात सगळे तंतू होते, तरी त्याने फळाचे काम केले नाही. एखाद्या पदार्थात काय किती आहे हे तक्ता सांगू शकतो. ते कशाच्या आत आहे, हे सांगणारा रकाना अजून कुठल्या देशाच्या नियमांत नाही, आणि तो कसा करावा हे पोषणशास्त्रालाही नीट ठरवता आलेले नाही.